मखर धाकट्याकडे

पाष्ट्यांच्या घरात गणपतीची वाटणी झाली ती वडील असताना, चहा पिता पिता. मूर्ती थोरल्याने आणायची, मखर धाकट्याने करायचं, मोदक दोघांच्या बायकांनी मिळून वळायचे आणि एखादा उकडताना फुटला तर कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. पुढे वडील गेले, गुहागरकडच्या घराला कुलूप लागलं, गणपती थोरल्याच्या पाठोपाठ टिटवाळ्याला राहायला आला. वाटणी मात्र होती तशीच राहिली. त्या घरात माणसं दोनच प्रकारची. ज्याच्याकडे गणपतीचं काही काम आहे तो घरचा. त्याने जमिनीवर बसायचं, पाट मांडायचे, शेवटी जेवायचं. ज्याच्याकडे काही नाही तो पाहुणा, त्याला खुर्ची. खुर्ची मिळणं हा त्या घरातला सगळ्यात सभ्य अपमान होता.

धाकटा विठ्ठल. कोपरला स्टेशनच्या पलीकडे त्याचा गाळा, आणि त्या गाळ्यात त्याने वीस-बावीस वर्षं थर्माकोलची मखरं केली. तापलेली तार थर्माकोलमधून जाते तेव्हा आवाज होत नाही. भाकरीतून बोट जावं इतक्या सहज ती जाते, आणि मागे खांब उभा राहतो, कमान उभी राहते, घुमट फुगतो. विठ्ठल दिवसभर त्या पांढऱ्यात असायचा. भुवयांवर दाणे, कानात दाणे, चहाच्या पेल्यात तरंगणारे दाणे. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पाय जमिनीला पुरते टेकलेले नसायचे, असं त्याची बायको कल्पिता म्हणायची. तिचं मत असं की नवऱ्याने आयुष्यभर पांढरी स्वप्नं बाहेर विकली आणि घरात फक्त त्यांचा भुसा आणला. आमटीत सापडणारा दाणा ती ताटाच्या कडेला काढून ठेवायची, नवऱ्याला दिसेल असा.

थोरला उत्तम. त्याची हयात कल्याणला बर्फाच्या कारखान्यात गेली. लाद्या उचलायच्या, भुशात दाबायच्या, गाडीवर चढवायच्या. माणूस असो की वस्तू, तो आधी वजन बघायचा. एकदा तो कोपरला गाळ्यात आलेला. समोर त्याच्याहून उंच महाल उभा होता, चार मनोरे आणि मधे कमळ. उत्तमने तो एका हाताने उचलला, जरा वर-खाली करून बघितला, पुन्हा ठेवला आणि म्हणाला, "सगळी हवाच की रे ही."

विठ्ठलला उत्तर सुचलं, पण दादा गाळ्यातून निघून गेल्यावर. ज्याचा माल संध्याकाळपर्यंत पाणी होऊन गटारात जातो त्याने दुसऱ्याच्या हवेला नावं ठेवू नयेत, असं ते उत्तर होतं आणि चांगलं होतं. ते द्यायला दादा समोर नव्हता. मग विठ्ठलने ते तोंडात धरून ठेवलं आणि त्यापायी दादाशी बोलणंच बंद झालं. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. निरोप बायकांमार्फत जायचे. उत्तमने बायकोला, विमलाबाईंना सांगायचं, विमलाबाईंनी कल्पिताला फोन करायचा, कल्पिताने विठ्ठलला सांगायचं. एवढ्या हातांतून जाताना निरोपाची धग कमी व्हायची आणि मीठ वाढायचं. वर्षातून एकदा, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, विठ्ठल मखर घेऊन टिटवाळ्याला जायचा, पुढच्या खोलीत उभं करायचा, दोघं भाऊ मूर्ती धरून आत सरकवायचे. तेव्हा "जरा डावीकडे", "बास" एवढे शब्द व्हायचे. वर्षाची शिल्लक तेवढीच, पण खातं चालू होतं.

दुसऱ्या दिवशी आरती, जेवण, आणि विठ्ठल परत. मखराचं पुढे काय होतं हे त्याने कधी विचारलं नाही. कळलं ते एका वर्षी आपोआप कळलं. विसर्जनानंतर काही कामाने तो टिटवाळ्याकडे गेलेला, काळू नदीच्या पुलावर थांबला, आणि खालून संथपणे एक घुमट वाहत गेला. पांढरा, पाकळ्यांचा, थोडा कललेला. नदीला घाई नव्हती, घुमटालाही नव्हती. तो घुमट कोणाच्या हातचा हे विठ्ठलला सांगावं लागणार नव्हतं. तो वळणाआड जाईपर्यंत विठ्ठल बघत राहिला. दादाने हवा नदीत सोडली, एवढंच त्याच्या मनात आलं. त्या वर्षापासून "जरा डावीकडे" बंद झालं. नुसतं "बास" राहिलं.

आणि मग बंदी आली.

पाडव्याला सरकारने जाहीर केलं की पिशव्या, पेले, ताटं यांच्याबरोबर सजावटीचा थर्माकोलही बंद. साठा संपवायला थोडी मुदत, नंतर दंड. आसपासच्या लोकांनी ही बातमी विठ्ठलला जितक्या आपुलकीने सांगितली तितक्या आपुलकीने त्यांनी कधी चहाही विचारला नव्हता. नाले कसे तुंबतात, गाईच्या पोटात काय सापडतं, समुद्र काय परत फेकतो, हे त्याला सगळ्यांनी समजावलं. त्यात चुकीचं काही नव्हतं आणि विठ्ठलने मान डोलावली. फक्त त्याला हेही ठाऊक होतं की समजावणाऱ्यांपैकी कोणाच्या माळ्यावर त्याचे मनोरे आहेत आणि कोणाच्या पलंगाखाली त्याचं सिंहासन. वर्षानुवर्षं ज्यांनी मखर नेताना ‘जरा कमी करा’ म्हटलं, त्यांनीच आता पृथ्वीची काळजी भरभरून केली.

महापालिकेची गाडी आली तेव्हा त्याने माल स्वतःच बाहेर काढून दिला. ढीग एवढा मोठा झाला की गाडीवाल्याने घाटात घालावा तसा गिअर घातला, आणि गाडी दणका देऊन पुढे उडाली, कारण मागे वजनच नव्हतं. त्या दणक्याने मागून दाणे सुटले. सगळी गल्ली भरून गेली. भाजीवालीच्या कोथिंबिरीवर, रिक्षांच्या टपांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरं पांढरं उतरत राहिलं. नंतर एकीने झाडू आणला आणि कोपर पुन्हा कोपर झालं.

विठ्ठलने दुसऱ्या वस्तू करून बघितल्या नाहीत असं नाही. पुठ्ठ्याचं मखर केलं. पावसाळी हवेत त्याचा घुमट जेवून सुस्तावलेल्या माणसासारखा बसला. कापडाचं केलं, ते मांडवासारखं दिसलं. बांबूचं करताना बोटं सोलली. त्याच्या हातांना न दुखावणाऱ्या वस्तूची सवय. हात उचलले की वस्तू आपोआप वर येणार, हे ते गृहीत धरून चालायचे, आणि बांबू काही वर यायचा नाही. ठाण्याला सेलेस्टीन अंकलकडे गेला. अंकल नाताळात आपल्या गल्लीत गव्हाणीचा देखावा मांडायचे आणि दर वर्षी विठ्ठलकडून बर्फाचे डोंगर न्यायचे. या वर्षी काय करणार, हे त्याने विचारलं. अंकलनी सांगितलं, पेंढा आणि माती, बस झालं. "गोठ्यात जन्मलेल्या पोराला मी इतकी वर्षं तुझ्याकडून बर्फ नेला," ते म्हणाले, "ठाण्यात कोणी कधी बर्फ बघितलाय का रे, विठू?" आणि स्वतःच हसले. विठ्ठलला वाटलं, यांचं सोपं आहे, यांचा देव मुळातच पेंढ्यात आला. आपला पाहुणा म्हणून येतो आणि त्याला महाल लागतो.

श्रावण सरत आला तेव्हा टिटवाळ्याहून निरोप आला. कल्पिताने तो जेवताना सांगितला, आमटी वाढता वाढता, म्हणजे चव कडू लागली तर दोष कशाला द्यायचा हे कळू नये. दादांनी म्हटलंय, या वर्षी मखर आणू नका. आदल्या दिवशी यायचीही गरज नाही. आरतीला या.

आरतीला या. आरतीला शेजारी येतात. आरतीला दादाच्या कारखान्यातले जुने लोक येतात, त्यांना खुर्ची देतात, हातावर प्रसाद ठेवतात, आणि ते ‘छान आहे हो मूर्ती’ म्हणून चपला शोधायला लागतात. विठ्ठलने त्या जागी स्वतःला बसवून बघितलं. पाठीमागे खुर्चीची प्लास्टिकची पट्टी टोचली. खुर्चीला बंदी नव्हती.

"जाऊ नका मग," कल्पिता म्हणाली.

"जायचं नाही असं कुठे म्हणालो," तो म्हणाला, आणि त्या दिवशी आमटीत एकही दाणा नव्हता हे दोघांच्याही लक्षात आलं.

जावं की नाही हे त्याने शेवटपर्यंत ठरवलं नाही. ठरवलं ते टेम्पोने. टेम्पोवाला रतन दर वर्षी हरतालिकेला दुपारी दारात यायचा. त्याला सांगावं लागत नसे आणि म्हणून या वर्षी नको म्हणून सांगायचंही राहून गेलं. कल्पिताचा उपास, ती आत पडलेली. खाली हॉर्न वाजला. विठ्ठल सवयीने उठला, सवयीने मूर्ती मोजायची काठी कोपऱ्यातून घेतली, खाली उतरला, आणि सवयीने टेम्पोच्या मागच्या बाजूला चढला. पुढे तो कधी बसायचा नाही. मखर टेम्पोत ठेवून चालत नाही, ते धरून बसावं लागतं. वारा लागला की महाल उडायला बघतो.

टेम्पो निघाला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण दोन्ही हात पसरून बसलोय आणि मधे काही नाही.

रतनच्याही आरशात ते आलं. "काका, नीट धरा हां," तो पुढून म्हणाला, "शहाडच्या पुलावर वारा असतो."

विठ्ठलने हात खाली घेतले नाहीत. डोंबिवली मागे पडली, कल्याण आलं, गेलं. वाटेत ठिकठिकाणी गणपती निघाले होते, तोंडावर रुमाल घेऊन, कोणाच्या मांडीवर, कोणाच्या हातगाडीवर. शहाडच्या पुलावर खरंच वारा होता. तो त्याच्या हातांमधून गेला आणि जाताना, विठ्ठलला वाटलं, किंचित अडखळला. तिथे काहीतरी उभं असावं तसा. आंबिवलीनंतर ऊन आणि ढग एकमेकांवरून सरकत होते. त्याच्या पसरलेल्या हातांत एकदा कमळाचा महाल येऊन बसला, एकदा शिखराचं देऊळ, एकदा ती होडीची सजावट, जी त्याच्या हातून मोडली होती आणि त्याने पुन्हा केली होती. डुलकी लागली असेल. टिटवाळ्याला टेम्पो थांबला तेव्हा हात भरून आले होते, खरोखर काही वाहून आणल्यासारखे.

उत्तमचं घर बैठं, सिमेंटच्या पत्र्याचं. त्याने बांधलं तेव्हा भोवती शेतं होती. आता चारी बाजूंनी इमारती उठल्यात आणि त्यांच्या गॅलऱ्यांतून लोक त्याच्या पत्र्यावर वाळलेली पानं मोजतात. दार विमलाबाईंनी उघडलं. त्यांचाही उपास, चेहरा सुकलेला. पण विठ्ठलला बघून त्यावर जे आलं ते उपासाचं नव्हतं. चोरून खाताना कोणी बघावं तशा त्या दारातच उभ्या राहिल्या.

"भावजी, तुम्ही उद्या येणार होतात ना?" त्यांनी मागे वळून मधल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

विठ्ठल म्हणाला की रतन आला म्हणून तोही आला. हे कारण इतकं खरं होतं की त्यावर पुढे काही विचारता येईना. त्यांनी त्याला आत घेतलं आणि, हात आपोआप जावा तसा, खुर्ची पुढे केली. मग चूक कळून ती परत मागे घेतली. तो उभाच राहिला. पुढच्या खोलीत मखराच्या जागी एक जरीची साडी टांगलेली होती. बाजूला पाटावर रुमालाआड मूर्ती. विमलाबाई पाणी आणायला गेल्या.

मधल्या खोलीत तो इतक्या वर्षांत कधी गेला नव्हता. काम पुढच्या खोलीत, जेवण मागच्या, आणि तिकडे बाहेरच्या बोळातून जायचं. मधली दादाच्या झोपायची, तिचं दार लोटलेलं. आज ते बोटभर उघडं होतं आणि त्यातून उजेड येत होता. बाहेर ऊन पिवळं होतं. हा उजेड पांढरा होता. विठ्ठलला तो ओळखीचा वाटला; गाळ्याचं शटर सकाळी वर केलं की हाच आतून बाहेर यायचा.

त्याने दार ढकललं.

वर छत नव्हतं. वर शहर होतं, उलटं. घुमट खाली लोंबत होते, भरलेल्या दुधाच्या थेंबांसारखे. मनोऱ्यांची टोकं जमिनीकडे बघत होती. कमानी, खांब, कमळं, मोरांच्या माना, पायऱ्या, सगळं एकाला एक चिकटवलेलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, फट दिसली तिथे एखादी पाकळी कापून बसवलेली. खिडकीतला उजेड त्यात शिरत होता आणि बाहेर यायचा विसरत होता. खोली गार होती. भर दुपारी, पत्र्याखाली, नदीकाठासारखी गार.

खाली लोखंडी खाटेवर उत्तम उताणा पडलेला. डोळे उघडे. त्याने दाराकडे बघितलं नाही, पण कोण आलंय हे त्याला कळलं असावं, कारण त्याने श्वास रोखून धरला.

विठ्ठल वर बघत बघत आत आला. मान वर करून करून दुखायला लागली, तेव्हा तो खाटेशेजारी जमिनीवर आडवा झाला. आता ते शहर त्याच्यावर पसरलं. आपण वर तरंगतोय आणि ते खाली आहे, असं वाटायला वेळ लागला नाही. तो गल्ल्यांमधून हिंडला. हे पहिल्या वर्षीचं, खांब जाड झालेले, तेव्हा हाताला अंदाज नव्हता. हे वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या सालचं, साधं. ती होडी. आणि त्या पलीकडे, बरोबर दादाच्या उशीच्या वर, पाकळ्यांचा घुमट. एका पाकळीवर तार घसरल्याची खूण. नदीत गेलेला घुमट.

त्याच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग आठवलं की त्या साली तो घुमट लोकांना आवडला म्हणून त्याने एकाच फर्म्यावर कितीतरी कापले होते, डोंबिवलीला दिले, कल्याणला दिले, टिटवाळ्यातच चार घरांत दिले. नदीत गेला तो कोणाचाही असू शकत होता. पुलावर उभं राहून हे त्याला का आठवलं नाही, याचं उत्तर त्याने शोधलं आणि जे सापडलं ते काही त्याच्या बाजूचं नव्हतं.

"ही हवाच आहे," तो शेवटी वर बघत म्हणाला.

उत्तमने रोखलेला श्वास सोडला. "हवा आहे म्हणूनच लावलीय," तो म्हणाला. "पत्रा तापतो. बर्फ आम्ही कशात ठेवायचो मग? भुशात. त्यात तरी काय असतं?"

एवढं एका दमात बोलायची सवय राहिली नव्हती, म्हणून तो थांबला. नंतर तुटक तुटक सांगत गेला. पहिलं मखर टाकवेना म्हणून वर चिकटवलं, खाली गार वाटलं, मग दर वर्षी. विमलाबाई शिडी धरायच्या. बंदी आली तेव्हा त्याला वाटलं, कोणी बघितलं तर दंड. त्याहून जास्त वाटलं ते दुसरंच, आणि ते त्याने सांगितलं नाही. पण धाकटा शेजारीच पडलेला असल्यामुळे त्याला ते ऐकू आलं. ज्याला हवा म्हटलं, त्याच्याच हवेखाली आपण इतकी वर्षं झोपतोय हे त्याने येऊन बघावं, हे काही थोरल्याला परवडणारं नव्हतं. म्हणून तो निरोप. मखराचं काम नसलं तर आदल्या दिवशी आलेला माणूस घरभर वावरतो. आरतीला येणारा पुढच्या खोलीतून परत जातो.

विमलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या, दोघांना आडवे बघून तशाच परत गेल्या.

"इथेच बसवू या," विठ्ठल म्हणाला.

"काय?"

"गणपती. मधोमध, होडीच्या खाली."

उत्तम कोपरावर उठला. त्याला एकदम सगळ्या अडचणी दिसायला लागल्या. त्या दिसल्या की तो नेहमीच्या वजनाचा व्हायचा. लोक येणार, वर बघणार, कोणीतरी जाऊन सांगणार. विठ्ठल म्हणाला, दर्शनाला येणारा मूर्तीच्या पायांकडे बघतो आणि मग प्रसादाच्या ताटाकडे. मान वर करणारा माणूस त्याने वीस वर्षांत बघितला नाही, नाहीतर त्याच्या कळसांचं कोणी कधी कौतुक केलं असतं. शिवाय हे या वर्षी घेतलेलं नाही आणि टाकूनही द्यायचं नाही. नाल्यात जाण्यापेक्षा पत्र्याखाली बरं. उत्तम म्हणाला, कापूर इथे पेटवायचा नाही. विठ्ठल म्हणाला, बाहेर ओट्यावर पेटवू. उत्तम म्हणाला, सगळं उलटं आहे. विठ्ठल म्हणाला, देवाला वरून बघायची सवय असते, त्याला सुलटंच दिसेल.

थोरल्याने वर बघितलं. पंखा नव्हता, तरी वरची एक सैल पाकळी आपोआप हलत होती. मग त्याने पाय खाली सोडले.

"चौरंग कुठे ठेवायचा ते तूच बघ," तो म्हणाला. "मखर तुझ्याकडे आहे."

विठ्ठल उठला, काठी घेतली आणि होडीखाली जाऊन जमीन ते शीड मोजायला लागला. काठी पुरली नाही. दादाने न विचारता पुढची उंची आपल्या हाताने धरली. "जरा डावीकडे," विठ्ठल म्हणाला. दादा डावीकडे सरकला.

खाट भिंतीला उभी लावली तरी लोखंडी कपाट खोलीतून हलवल्याशिवाय चौरंगाला जागा होणार नव्हती, आणि घरात ते ठेवायला दुसरी जागा नव्हती. बाहेर रतन हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला होता. त्याला आत बोलावलं. त्याने वर बघितलं, हात लावून बघितला. तिघांनी मिळून कपाट टेम्पोत चढवलं. गणपती जाईपर्यंत ते रतनच्या दारात राहणार होतं. टेम्पो मागून चांगला हातभर खाली बसला.

विठ्ठल सवयीने वर चढला आणि कपाटाला दोन्ही हात लावून बसला.

"काका, हे उडणार नाही," रतन म्हणाला.

"माहितीये," विठ्ठल म्हणाला, आणि थोरला आत चौरंग पुसायला गेला आहे आणि आपलंही काम या वर्षी आतच आहे हे लक्षात येऊन तो खाली उतरला.